बाहेरचा वॉल्व्ह

गाडी चौकात बंद पडायची, एवढीच तक्रार होती. केरुबोचं लिमुरूला औषधांचं दुकान होतं, आणि आईला डोळ्यांच्या दवाखान्यासाठी नैरोबीला आणायचं काम तिच्याकडेच होतं. वेग कमी करून चौकात शिरलं की इंजिन आचका द्यायचं आणि गप्प व्हायचं. त्या सकाळी मागचा ट्रक इतका जवळ येऊन थांबला, की आरशात त्याची नुसती जाळी दिसत होती.

म्हणून दवाखाना आटोपल्यावर ती थेट किरिन्यागा रोडमागच्या बोळात, ओडुंडोच्या गॅरेजमध्ये आली. गाडी तिच्या धाकट्या भावाची, नियाकुंडीची. टर्बो असलेली, बुटकी, अंगात मस्ती असलेली गाडी. मार्चमध्ये दम्याच्या झटक्यात तो गेला, तेव्हापासून ती केरुबो वापरत होती.

ओडुंडोनं बॉनेट उघडलं आणि मुठीएवढ्या निळ्या, चकचकीत वॉल्व्हवर पाना टकटकवला.

"हा बघा चोर. बाहेरचा वॉल्व्ह. पोरं आवाजासाठी बसवतात."

आवाज केरुबोला पाठ होता. पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला की 'फुस्स' असा लांब सुस्कारा. नियाकुंडीनं तो हौसेनं बसवला होता.

"टर्बो हवा दाबून भरतो," ओडुंडो सांगू लागला. "पाय उचलला की ती हवा उरते. कंपनीचा वॉल्व्ह ती गुपचूप परत आत फिरवतो. हा बाहेर टाकून देतो. पेट्रोल मात्र त्या हवेच्या हिशोबानंच येतं. मग इंजिन गुदमरतं."

"म्हणजे कंपनीचा बसवायचा."

"किंवा याच्याहून भारी बाहेरचा. थोडी जुळवाजुळव करू. आवाजही राहील, भावाची आठवणही राहील."

"ओडुंडो, मला आईला सुखरूप घरी न्यायचंय. शर्यतीला जायचं नाही."

"तुम्हा किसी जमातीच्या लोकांना गाडीतलं काही कळत नाही बघा. केळी पिकवा तुम्ही."

"आणि तुम्ही तळ्याकाठचे लोक मासे पकडायचं सोडून इंजिनात कधी शिरलात?"

तो मोठ्यानं हसला. मागच्या सीटवर बसलेली आई मात्र हसली नाही. डोळ्यांत औषध घातल्यामुळे ती मिटल्या डोळ्यांनीच ऐकत होती.

"केरुबो, तो आवाज बंद करू नकोस," ती म्हणाली.

"आई, गाडी बंद पडते गं. सकाळी पाहिलंस ना, थोडक्यात वाचलो."

"मग ती हवा जाणार कुठं?"

"परत आत," ओडुंडो म्हणाला.

केरुबोला आत कुठेतरी टोचलं. गेले काही महिने एक गोष्ट तिला दिसत होती आणि तिनं ती मनावर घेतली नव्हती. गाडीनं सुस्कारा टाकला की आई मागून हळूच "हं" म्हणायची. दर वेळी. कुणीतरी काही सांगावं आणि आपण हुंकार द्यावा, तसं. म्हातारपण, दुसरं काय.

तिनं कंपनीचा वॉल्व्ह बसवायला सांगितला.

दुपारी त्या परत निघाल्या. गाडी लोण्यासारखी चालत होती. एकाही चौकात आचका नाही, सुस्कारा नाही. वेस्टलँड्स मागे पडलं, चढ लागला, आणि जुलैतलं ते नेहमीचं धुकं रस्त्यावर उतरू लागलं.

रिरोनी गावाच्या अलीकडे समोरच्या काचेवर डाव्या बाजूला वाफ धरली.

केरुबोनं हात लांब करून फडक्यानं ती पुसली. पुन्हा धरली. तिच्या समोरची काच स्वच्छ होती. डावीकडे, रिकाम्या सीटसमोर, बशीएवढा पांढरा ठिपका. तिनं गरम हवेचा झोत काचेवर सोडला. ठिपका आक्रसला. मग वाढला. पुन्हा आक्रसला.

झोत एका जागी कमीजास्त लागत असेल, तिनं मनाशी म्हटलं. तिनं झोत बंद केला.

ठिपका वाढला. आक्रसला. वाढला.

पुढच्या वळणावर तिनं पाय उचलला आणि ठिपका आक्रसलाच नाही. तो तसाच राहिला, त्यावर दुसरा चढला, मग तिसरा, भराभर, लहान लहान. ती लय तिला माहीत होती. त्या लयीशेजारी हातात दम्याचा पंप घेऊन तिनं कितीतरी दिवस काढले होते.

"काच खाली कर," मागून आई म्हणाली. तिचे डोळे अजून मिटलेलेच होते. "त्याला दम लागलाय."

केरुबोनं चारही काचा खाली केल्या. धुकं आत आलं. ठिपका हलला नाही.

तिनं गाडी वळवली.

गॅरेजमध्ये शिरताना तिचा चेहरा पाहून ओडुंडोनं थट्टा केली नाही. "जुना बसव," ती म्हणाली. पहिल्यांदाच तिच्या तोंडून त्याला अरेतुरे गेलं. त्यानं निळा वॉल्व्ह काढून ठेवला होता, तो आणला. इंजिन बंद केलं, थंड होऊ दिलं, मग कंपनीच्या वॉल्व्हची पकड सैल करून रबरी पाइप ओढला.

हवा बाहेर आली.

बंद इंजिनातून, कोमट, ओलसर हवा. ती येतच राहिली. ओडुंडोनं हात मागे घेतला. भिंतीवरचं कॅलेंडर फडफडत होतं.

मग ती थांबली.

"दाब साठला असेल," तो म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. कचरा आत जाऊ नये म्हणून त्यानं सवयीनं पाइपाच्या तोंडावर एक पातळ फडकं टाकलं.

फडकं हळूच आत ओढलं गेलं.

मग फुगलं.

मग पुन्हा आत.

ओडुंडो पाना खाली ठेवून दोन पावलं मागे सरला. "ताई, मी यात हात घालणार नाही," तो म्हणाला. "हाही बसवणार नाही आणि तोही नाही."

"हळू बोला," गाडीतून आई म्हणाली. "आत्ता कुठं डोळा लागलाय त्याला."

तिचा आवाज किती समाधानी होता! मार्चनंतर पहिल्यांदाच. तिनं शाल छातीवर ओढली, मान मागे टेकली, आणि थोड्याच वेळात तिलाही झोप लागली. उघड्या दारातून केरुबोला ती दिसत होती. शाल वर येत होती, खाली जात होती. फडकं फुगत होतं, आत जात होतं. दोन्ही एकाच वेळी.

मध्येच शाल थांबली. फडकंही थांबलं.

केरुबोनं दाराची कड घट्ट धरली. "आई," ती म्हणाली.

बोळातून एक हातगाडी खडखडत गेली.

आधी फडकं हललं. मग आई.