व्हारजीचा शिक्का

व्हारजी गावातली दुकानं साडेबाराला बंद होतात, म्हणजे होतातच. पेरूशो खाटकाचं जाळीचं शटर एकदा खाली आलं की जेवण आटोपेपर्यंत वर जात नाही, मग दारात महापौर का उभा असेना. रविवारी तर ते थेट मंगळवारीच उघडतं. त्यामुळे एप्रिलच्या शेवटच्या रविवारी, बारा वाजून बत्तीस मिनिटांनी, कुणीतरी त्या शटरवर टकटक केली तेव्हा नोएमी पेरूशोनं ओळखलं, की माणूस बाहेरचा आहे.

घामानं निथळलेला, पोटऱ्यांवर चिखल, हाताशी बारीक टायरांची निळी सायकल.

“बंद आहे,” ती जाळीतून म्हणाली.

“मला काही विकत नकोय. फक्त शिक्का हवाय.” त्यानं पाठीवरच्या खिशातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं कार्ड काढलं. “दुकानाचा. गावाचं नाव असलं की झालं.”

असे शिक्केवाले दर उन्हाळ्यात दोन-चार यायचे. देशभरातली ठरलेली पाचशे गावं सायकलनं गाठायची आणि प्रत्येक गावच्या चौकटीत तिथल्या एखाद्या दुकानाचा शिक्का घ्यायचा, हा त्यांचा छंद. नोएमीनं आजवर कितीतरी शिक्के मारले होते, त्यातलं एकही तोंड तिला आठवत नव्हतं.

“एक ठप्पा. दोन सेकंद लागतील.”

“तुम्हाला दोन मिनिटं उशीर झालाय.”

“चढावर साखळी उतरली हो...”

“चढ काय आज सकाळी बांधला? लवकर निघायचं.”

आतून तिच्या वडिलांची, फेर्नां पेरूशोंची, हाक आली. “नोएमी! ताट निवतंय!”

तो हसला. हसताना त्याची एकच भुवई वर जायची, डावी. हे आपण पाहिलं, हेही तिच्या लक्षात आलं आणि तिला स्वतःचाच थोडा राग आला.

“मग कधी येऊ?”

“पुढच्या रविवारी. साडेबाराच्या आत.”

“रोआनहून अठ्ठेचाळीस किलोमीटर आहे!”

“मध्ये उतारही आहे की.”

तो बुटांच्या टाचा फरशीवर वाजवत चौकाकडे गेला. ती जेवायला बसली तेव्हा ताट खरंच निवलं होतं.

गुरुवारी गावच्या सायकल मंडळाचे म्हातारे गुस्ताव्ह सॉसेज न्यायला आले. नोएमीनं अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, “हे शिक्केवाले परत येतात का हो कधी?”

“ते? छे! शिक्का पडला की ते गाव त्यांच्या लेखी संपलं. पाचशे गावं असतात पोरी, मागे वळून बघायला सवड आहे कुणाला?”

मांसाच्या चापा तोडता तोडता नोएमीनं हिशोब मांडला. शिक्का मारला नाही तर तो येणार. मारला तर जाणार, आणि कायमचा. ती एकोणतीस वर्षांची होती. बाबांचा खांदा निकामी झाला म्हणून ल्यों शहरातली नोकरी सोडून आली, त्याला तीन वर्षं झाली होती. या तीन वर्षांत दुकानात आलेल्या पुरुषांनी तिला जे काही विचारलं ते जीभ किती वेळ शिजवायची एवढंच. आणि आता ज्यानं काहीच विचारलं नव्हतं त्याची ती वाट पाहत होती.

दुसऱ्या रविवारी पाऊस होता. बारा वाजून पाच मिनिटांनी तो आत आला आणि फरशीवर पाण्याचं थारोळं झालं.

“आज वेळेत आहे,” तो म्हणाला. “तिबो. तिबो मारेस्काल. शाळेत गणित शिकवतो, म्हणून घड्याळ कळतं.”

“नोएमी. पण... शाईची गादी सुकलीय.”

साफ खोटं. तिचे कान तापले. तिबोनं काउंटरवरून एक नजर फिरवली, वजनकाट्यापाशी ती क्षणभर थांबली, मग त्यानं समजूतदारपणे मान हलवली.

“थोडं पाणी घालून बघितलं तर?”

“हे खाटकाचं दुकान आहे. इथे वाटेल त्यात वाटेल ते घालत नाहीत.”

“बरोबर आहे. मग पुढच्या रविवारी?”

माणूस अठ्ठेचाळीस किलोमीटर भिजून आला होता, तरी एवढ्या चटकन कबूल झाला. तिला वाईट वाटलं. तिनं पार्स्लीच्या जेलीतलं हॅम जाडसर कापून कागदावर त्याच्यापुढे सरकवलं. त्यानं ते उभ्या उभ्या खाल्लं. नाकाच्या शेंड्यावर पावसाचा एक थेंब बराच वेळ तग धरून होता.

“यासाठी एवढी सायकल मारायला काही हरकत नाही.”

“हॅमसाठी?”

“...हॅमसाठी.”

तिसऱ्या रविवारी शिक्का नगरपालिकेनं उसना नेला होता. चौथ्या रविवारी त्याची मूठ निखळली होती. पाचव्या रविवारी नोएमीला काहीच सुचेना. ती नुसतीच एप्रनला हात पुसत राहिली, तेव्हा तोच काळजीनं म्हणाला, “रबर झिजलाय की काय?”

“हो! पार झिजलाय.”

“वाटलंच मला.”

सहावा रविवार पेंटेकॉस्टच्या सणाचा. दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी, खाटकाला तर असतेच. “उद्या शिक्का नको,” तिबो म्हणाला, “नुसतंच फिरू.” नोएमीनं कोठारातून आपली जुनी रेसची सायकल काढली, साखळीला तेल घातलं, आणि सकाळी दोघं निघाली.

रस्ता कुंपणांच्या मधून खाली-वर जात होता. कुंपणापलीकडे पांढऱ्या गाई बसल्या होत्या. अक्रोडांच्या सावलीत गारवा होता, सावलीबाहेर कापलेल्या गवताचा वास. चढावर तो पुढे, उतारावर ती. कालव्याच्या काठी दोघं शेजारी शेजारी आली आणि बोलता बोलता ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. आधी कोण म्हणालं, यावर त्यांचं अजून एकमत नाही. पलीकडच्या गावात पिवळ्या दगडाचं नऊशे वर्षांचं चर्च आहे. त्याच्या पायऱ्यांवर बसून त्यांनी चेरी खाल्ल्या आणि बिया कोण लांब थुंकतो ते पाहिलं. नोएमी जिंकली.

“तू कधी एका गावाला दोनदा गेलायस?” तिनं विचारलं. आवाज शक्य तितका हलका ठेवला होता.

“नियमच नाही तसा. एकदा शिक्का पडला की पुढचं गाव.”

“कधीच नाही?”

तो बुटाच्या पट्ट्यात काहीतरी शोधू लागला. “अकरा वर्षांत तरी... नाही. निघायचं?”

परतीला व्हारजीची पाटी दिसली तशी दोघांनी एकदमच जोर लावला. गावाची पाटी दिसली की इथला कुठलाही सायकलवाला शर्यत लावतो. कुणी सांगावं लागत नाही. नोएमी अर्ध्या चाकानं जिंकली. तो धापा टाकत हसत होता, डावी भुवई वर, आणि तिला वाटलं, शिक्का कायमचा हरवून टाकावा.

सातव्या रविवारी एका घरी बारशाचं जेवण होतं. भाजलेल्या मांसाची ताटं पोचवायला नोएमीला व्हॅन घेऊन जावं लागलं. यायला पाऊण वाजला. शटर खाली होतं. बाबा आत सुरी पुसत होते.

“तुझा तो सायकलवाला येऊन गेला. सात आठवडे बिचारा शिक्का मागतोय, आणि शिक्का तर जन्मभर वजनकाट्यापाशी पडलेला आहे. मी म्हटलं, आण इकडे. कार्ड घेतलंच त्याच्या हातातून.”

नोएमीनं काउंटरची कड धरली. “मारलात?”

“मारणार कुठे? आपल्या गावची चौकट भरलेली. समोरच्या कॅफेवाल्या जिनेतचा शिक्का आहे तिथे. तारीख सत्तावीस एप्रिल.”

सत्तावीस एप्रिल. पहिला रविवार. म्हणजे इथून टाचा वाजवत गेला तो चौक ओलांडून थेट जिनेतकडे; कॅफे तेवढा जेवणाच्या वेळी उघडा असतो. त्यानंतर प्रत्येक रविवारी तो आला होता, आणि त्याला व्हारजीत काहीसुद्धा नको होतं.

“काय म्हणाला?” तिनं कसंबसं विचारलं.

“कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, मोसिये, कृपा करून तिला सांगू नका. मी शब्द दिला.”

“बाबा!”

“हॅमवर ठेवला होता हात. हॅमवरची शपथ मोजत नाहीत.” त्यांनी सुरी खुंटीला अडकवली. “मग सायकल उचलली आणि गेला.”

तो आठवडा नोएमीला फार जड गेला. पकडला गेलेला माणूस परत येतो का, हे गुस्ताव्हना विचारण्यात अर्थ नव्हता, त्यांना फक्त शिक्के पडलेली गावं ठाऊक होती. त्याचा फोन नंबर तिनं कधी घेतला नव्हता. त्याला पुढच्या रविवारी यावंच लागेल असं दर वेळी तीच पाहत आली होती, मग नंबर कशाला?

आठव्या रविवारी बारा वाजले. सव्वाबारा वाजले. गिऱ्हाइकं आली, गेली. साडेबाराला बाबांनी घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि आत गेले. नोएमीनं स्वतःच्या हातानं शटर ओढलं. तिला रडू येत होतं आणि ते शटरच्या आवाजात दडवता येईल म्हणून तिनं ते जरा जोरातच ओढलं.

बारा वाजून बत्तीस मिनिटांनी टकटक झाली.

“बंद आहे,” ती म्हणाली.

“माहीत आहे. मुद्दाम बंद व्हायची वाट पाहिली. तिथे, चौकात. गिऱ्हाइकांसमोर बोलता आलं नसतं.” जाळीपलीकडे तो होता, निळी सायकल होती, हात मोकळे होते. “आज कार्ड आणलं नाहीये.”

“मग काय हवंय?”

“तू.” तो घोटाळला. “म्हणजे... तुला भेटायचं असतं मला. पहिल्या दिवसापासून. शिक्क्याचं मी खोटं बोललो, नोएमी.”

ती जाळीला टेकली. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. “गादी कधीच सुकली नव्हती. शिक्का नगरपालिकेत गेला नव्हता. मूठही...”

“मला माहीत होतं. दुसऱ्याच रविवारी वजनकाट्याशेजारी दिसला होता मला.”

“आणि तू काही बोलला नाहीस!”

“बोललो असतो तर तू मारला असतास.”

नोएमीनं डोळे पुसले, खाली वाकली आणि शटर वर ओढलं. भर जेवणाच्या वेळी ते करकरत वर गेलं, तसे चौकातल्या दोन खिडक्यांचे पडदे हलले. जिनेत तर हातात चमचा घेऊन कॅफेच्या दारात आली. तिबो उंबऱ्यावर आला, बूट फरशीवर वाजले, आणि नोएमीनं त्याचा घामेजला हात धरला.

“बाबा,” ती आत वळून म्हणाली, “आणखी एक ताट...”

“गेल्या रविवारपासून मांडलेलंच आहे,” आतून आवाज आला. “आणि ते शटर अर्धं तरी खाली करा! लोकांना वाटेल, दुकान उघडं आहे.”