मानेवरचे चार थेंब

"टोपली आण! ती नाही रे, कपड्यांची! झाकणवाली!"

ठिणगीचा आवाज जिन्यावरून गडगडत वर आला. सुट्टीचा तिसरा दिवस. गच्चीवर चादरींचा तंबू अर्धा उभा होता आणि अर्धा पोपटच्या डोक्यावर पडला होता. पोपट तिचा मामेभाऊ. त्याच्या जिभेला विसावा म्हणून नव्हता. पण आत्ता तोही गप्प झाला, कारण खाली स्वयंपाकघरात काजळी फरशीवर आडवी पडली होती आणि थरथरत होती.

काजळी म्हणजे डोळ्यांत काजळ घालूनच जन्मलेलं मांजर! चालली की पाऊल वाजत नसे, बसली की घर भरून जाई. आज तिचे कान फडफडत होते, पाय काठीसारखे ताठ झाले होते, मिशासुद्धा कापत होत्या.

"ताई, तिला थंडी वाजतेय?" शेपूटने विचारलं. आठ वर्षांचा धाकटा भाऊ, सदा ताईच्या मागे. घरातच काय, शाळेतही त्याला सगळे शेपूटच म्हणत.

"एवढ्या उन्हात कसली थंडी! सायकल काढ!"

आई-बाबा कामावर गेले होते. टोपली पुढच्या दांडीवर, शेपूट मागे, पोपट बाजूने धावत, अशी वरात प्राण्यांच्या दवाखान्यात पोचली. अंबाड्यात पेन्सिल खोचलेल्या डॉक्टरीणबाईंनी मान वर न करताच विचारलं, "काय खाल्लं हिने?"

"दूध आणि थोडा भात."

"आणि?"

"आणि काहीच नाही!"

"मांजर तुला विचारून खातं का गं? पाल खाल्ली असेल. या आठवड्यातलं हे तिसरं! त्या शिवणकाम करणाऱ्या बाईंचं तर सोमवारी गेलंच. शिळे मासे घातले असणार. काहीही खायला घालायचं आणि मग रडत माझ्याकडे यायचं!" बोलता बोलता त्यांनी इंजेक्शन दिलं. थरथर कमी झाली, थांबली मात्र नाही. "राहू दे इथेच. वाचेल असं मी म्हणत नाही. चला, पुढचं कोण?"

ठिणगी बाहेर आली ती पाय आपटतच.

"तीन मांजरं! एका आठवड्यात! आणि ह्यांचं आपलं, पुढचं कोण?"

"पालींनी कट केला असेल," पोपट म्हणाला. कोणीच हसलं नाही. त्यालाही हसू आलं नाही.

"सगळ्यांनी एकच काहीतरी खाल्लंय," ठिणगी म्हणाली. "ते काय आहे, तेच शोधायचं. चला शिवणवाल्या काकूंकडे!"

काकूंची खोली गल्लीच्या वळणावर होती. खिडकीखाली शिवणयंत्र, यंत्राखाली अर्धवट फ्रॉक. रोज खडखड चालणारं ते यंत्र मुकं होतं. शेजारच्या उशीवर मधोमध एक गोल खळगा पडला होता, आणि काकू ती उशी झटकायला तयार नव्हत्या.

"मीच मारलं गं माझ्या सोनूला," त्या म्हणाल्या. "मासे ताजे होते, वास घेऊन बघितला होता मी. पण डॉक्टर म्हणाल्या, शिळेच असणार. मग असतील. माझ्याच हाताने घातले ना!"

ठिणगीला रडू आलं नाही, राग आला. इतक्या मायेच्या बाईला चार दिवस असं जळत ठेवायचं?

उरलेलं मांजर बेकरीवाल्या काकांचं, हे काकूंनीच सांगितलं. पिवळाधमक बोका, वाचला होता, पण अजून झोकांड्या खात चालत होता.

"मासे?" काका गरजले. त्यांचा आवाज भट्टीसारखा होता, बारीक करताच येत नसे. "मासा ओळखतसुद्धा नाही हा! पावाचा चुरा आणि दूध, जन्मापासून!"

"मग पाल?"

"पालीला बघून हा माझ्या मांडीवर चढतो!"

म्हणजे खाण्याचा धागा तुटला. ठिणगी मटकन पायरीवर बसली. शेपूट मात्र बोक्याच्या मानेत नाक खुपसून बसला होता.

"ताई, ह्याला काजळीसारखाच वास येतोय. रंगाचा डबा उघडल्यावर येतो तसा. आणि केस बघ कसे चिकट झालेत!"

"तो होय? पिसवांच्या औषधाचा," काका म्हणाले. "कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलं, पाळीव प्राण्यांच्या. मानेवर चार थेंब टाकायचे."

ठिणगीने बोक्याच्या चिकट मानेवर बोट फिरवलं. काल संध्याकाळी तिनेच टाकले होते चार थेंब, काजळी घाबरू नये म्हणून गुणगुणत, एकेक मोजून.

पोपट वाऱ्यासारखा काकूंकडे पळाला आणि तसाच परत आला. "काकूंनीही! आदल्याच संध्याकाळी! त्याच दुकानातलं!"

"सगळे विचारतात, काय खाल्लं," ठिणगी उठून उभी राहिली. "काय लावलं, असं कोणी विचारलंच नाही!"

दुकानाच्या दारावर कागद डकवला होता: 'आज दुपारी चार वाजता! मांजरांसाठी पिसूमुक्ती शिबिर. औषध मोफत.' समोरच्या घड्याळात तीन वाजून गेले होते.

"पोपट, तू पुढून जा आणि बोलत राहा."

"किती वेळ?"

"तुला कधी कोणी हे विचारलंय का?"

पोपट छाती काढून आत शिरला. "काका, मला मासे पाळायचेत! पण शांत स्वभावाचे हवेत!"

"मासे शांतच असतात, बाळा."

"तसं नाही काका, मागच्या माशाने मला रागाने बघितलं होतं..."

तोवर ठिणगी आणि शेपूट मागच्या बोळात पोचले. खिडकीतून टेबल दिसत होतं. त्यावर जाड जाड नळ्या टोकाला कापून ठेवल्या होत्या आणि शेजारी छोट्या ड्रॉपर-बाटल्यांची रांग होती. एकाही बाटलीवर नाव नव्हतं. ठिणगीने घरी नेलेली बाटली अगदी अशीच होती. तिला वाटलं होतं, औषध असंच मिळतं.

"ताई, डबा!" शेपूट कुजबुजला.

कचऱ्याच्या डब्यात रिकामे खोके होते. खोक्यावर भल्यामोठ्या कुत्र्याचं चित्र, 'पंचवीस किलोंच्या वरच्या कुत्र्यांसाठी', आणि बाजूला लाल अक्षरांत: 'मांजरांवर कधीही वापरू नये. मृत्यू ओढवू शकतो.' आत घडी घातलेलं माहितीपत्रक होतं. त्याची घडी कोणी उघडलीच नव्हती.

ठिणगी दवाखान्यात शिरली ती रांग मोडूनच. "ए, बाहेर थांब!" डॉक्टरीणबाई ओरडल्या. तिने खोका त्यांच्या टेबलावर आपटला.

"हे लावलंय काजळीच्या मानेवर! मीच लावलं! बोक्याला हेच, सोनूलाही हेच! तुम्ही विचारलंत का? खाल्लं काय, खाल्लं काय, एवढंच!"

डॉक्टरीणबाईंनी लाल अक्षरं वाचली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"कोमट पाणी आणा," त्या एकदम उठल्या. "भांड्यांचा साबण! पळा! ते अजून कातडीतून आत मुरतंय. धुतलं नाही तर माझी इंजेक्शनं काय कामाची!"

एकदा धुतलं, दोनदा धुतलं, तीनदा धुतलं. ठिणगीने काजळीचं डोकं तळहातावर धरलं होतं. ओली काजळी केवढीशी दिसत होती! टॉवेलात गुंडाळल्यावर हळूहळू मिशा थांबल्या, मग कान थांबले.

"विचारायला हवं होतं मी," डॉक्टरीणबाई पुटपुटल्या.

"हो," ठिणगी म्हणाली. "हवं होतं!"

"ताई, चार वाजले!"

दुकानासमोर रांग लागली होती. कुणाच्या हातात टोपली, कुणाकडे पिशवी, एका आजोबांच्या तर सदऱ्यातून पिल्लाचं डोकं डोकावत होतं. दुकानदाराने हसतमुखाने त्याच पिल्लावर ड्रॉपर धरला.

"थांबा!" ठिणगी मध्ये घुसली. "आधी हा खोका मोठ्याने वाचून दाखवा, मग टाका थेंब!"

"लहान तोंडी मोठा घास घेऊ नकोस, पोरी. चष्मा नाहीये माझ्याकडे."

"कपाळावर आहे की!" शेपूट म्हणाला.

रांगेत खसखस पिकली. दुकानदाराने काही चष्मा खाली ओढला नाही. मग गर्दीतून पुढे होऊन बेकरीवाल्या काकांनीच खोका घेतला आणि आपल्या भट्टीच्या आवाजात वाचला. आजोबांनी पिल्लू सदऱ्यात खोल खोल दडवलं.

"अहो, पण मी माप कमी केलंय!" दुकानदार घाम पुसत म्हणाला. "कुत्र्याला अख्खी नळी, मांजराला चार थेंब. मांजर म्हणजे छोटं कुत्रंच की!"

"मांजर म्हणजे छोटं कुत्रं नव्हे!" मागून आवाज आला. डॉक्टरीणबाई भिजल्या बाह्यांनीच धावत आल्या होत्या. "कुत्र्याचं शरीर हे औषध मोडून बाहेर टाकतं, मांजराला ते जमत नाही. तुम्ही नाव नसलेल्या बाटल्या विकल्या आणि मी डोळे मिटून इलाज केला. ज्यांनी ज्यांनी हे लावलंय त्यांनी आत्ता माझ्याबरोबर चला. आणि तिन्ही मांजरांची तक्रार आजच औषध खात्याकडे जाईल. माझ्या चुकीसकट!"

बाटल्या पिशवीत गेल्या, पिशवीला गाठ बसली, शिबिराचा कागद टराटरा फाटला.

संध्याकाळी दवाखान्यात काजळीने मान उचलून टॉवेल चाटला. आई-बाबा धावत आले होते. "शाबास गं माझी वाघीण!" आई म्हणाली. बाबांनी शेपूटचं नाक प्रेमाने ओढलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या पोरांनी आज माझे डोळे उघडले." पोपटचं पाठ थोपटून घेणं तर संपेचना.

ठिणगी मात्र धुमसतच होती.

"शाबासकी नंतर द्या," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "आधी काकूंकडे चला. तुम्ही, आणि ते दुकानदार काका. दोघंही!"

आई काही बोलणार होती, पण तिने ठिणगीच्या तोंडाकडे पाहिलं आणि पायांत चपला सरकवल्या.

काकू यंत्रापाशीच बसल्या होत्या. दुकानदार उंबऱ्यात उभा राहून पायांशी बोलल्यासारखं बोलला. "बाई, ते औषध मांजरांचं नव्हतंच. कुत्र्यांचं होतं. मी... मी वाचलं नव्हतं."

"मासे ताजेच होते, काकू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी न विचारता दोष तुमच्या माथी मारला."

काकू उठल्या. चार दिवसांत पहिल्यांदाच ताठ उभ्या राहिल्या.

"चार दिवस!" त्यांचा आवाज चढत गेला. "चार दिवस घास उतरला नाही माझ्या घशाखाली! हातांकडे बघवेना मला माझ्या! आणि तुम्ही एक कागद वाचला नाहीत? एक प्रश्न विचारला नाहीत?"

दोघंही मोठी माणसं खाली मान घालून उभी राहिली. काकू बोलतच होत्या. खिडक्या उघडल्या, शेजारी डोकावले, तरी त्या थांबल्या नाहीत. ठिणगी भिंतीला टेकून प्रत्येक शब्द ऐकत होती, आणि सकाळपासून आवळलेल्या तिच्या मुठी हळूहळू सुटत होत्या.