गुरुवारी दार उघडणारा

"सही माझ्या नावाची आहे," दादा म्हणाले, "पण ती करणारा मी नव्हे."

बाईंनी चष्मा चढवला. अपिलांच्या कचेरीत तीस वर्षं टायपिंग करून निवृत्त झाल्यावर त्या नाकारलेल्या अर्जांचा छडा लावत. मदतीला त्यांचे दीर, भाऊजी. मन मोठं, डोकं सावकाश.

छापखान्यातल्या रोलरनं दादांचा उजवा हात आत ओढला, त्याला वर्ष झालं होतं. हात आता छातीच्या वर जात नव्हता. तरी अपंगत्वाचं पेन्शन नामंजूर झालं होतं आणि अपिलाची सुनावणी परवावर आली होती. अपील फेटाळलं गेलं, तर पुन्हा अर्ज नाही.

नकाराचं कारण पाहणी अहवालात होतं. 'गुरुवारी अकरा वाजता अर्जदाराने दार उघडले. उजवा हात उंचावून कपाटावरून ओळखपत्र काढून दिले.' खाली अर्जदार म्हणून दादांच्या नावाची सही. सहीखालच्या कोऱ्या जागेवर तिरकी रेघ.

"ही रेघ कचेरीतली नाही," बाई पुटपुटल्या. "तिथे शिक्का बसतो, जागा मोकळी ठेवतात."

भाऊजी ओळखपत्र न्याहाळत होते. "फोटो इतका पुसट आहे, वहिनी, की यात मीसुद्धा खपेन."

"त्या गुरुवारी अकराला कुठे होतात?" बाईंनी दादांना विचारलं.

"दवाखान्यात, व्यायामाला. एरवी मंगळवारी असतो. त्या आठवड्यात वार बदलला."

"रोलरवर हात अडवणारी जाळी नव्हती?"

"दुरुस्तीला गेलीय म्हणाले होते."

दादांच्या घराच्या किल्ल्या आणखी तिघांकडे होत्या. बाईंनी तिघांनाही बोलावलं आणि त्या दिवशी कुठे होतात ते कागदावर लिहायला सांगितलं.

पहिला फिजिओ. आधी तो घरी यायचा, किल्ली त्याच्याकडेच राहिली होती. "अकरा ते बारा मी यांचाच खांदा फिरवत होतो. वार बदला म्हणून फोन आला होता. पुरुषाचा आवाज होता." दोन ओळी लिहून त्यानं उरलेल्या जागेवर तिरकी रेघ ओढली. "दवाखान्याची सवय. मागाहून कुणी काही घुसडायला नको."

भाऊजींनी बाईंना कोपरखळी मारली.

मग समोरचे काका, निवृत्त बसचालक. "पत्रं पेटीतून काढून यांच्या दाराखालून सरकवतो, बस्स. वाचत नाही हो! माझी मलाच पुरतात." त्यांनी कशीबशी एक ओळ लिहिली आणि कागद तसाच परत दिला.

शेवटी धाकटा भाऊ. त्याच छापखान्यात फोरमन. "दादा माझ्याच पाळीत होता. मीच ओढून काढला त्याला."

"अपघाताची चौकशी झाली?"

"पेन्शन मंजूर झालं, की अधिकारी येतात म्हणे." त्यानं भराभर लिहिलं, तिरकी रेघ मारली आणि कागद पुढे केला.

सगळे बसलेले असतानाच भाऊजी म्हणाले, "फिजिओच!"

"अकराला तो दादांजवळ होता, भाऊजी. दादांचा खांदा त्याच्याच हातात होता." बाईंनी अहवाल मधोमध ठेवला. "दार उघडणाऱ्यानं सही केली आणि सवयीनं खालची जागा बंद केली. काकांना ती सवय नाही. कामाच्या नोंदवहीवर रोज सही करणाऱ्या फोरमनला आहे. पाहणीचं पत्र घरात पडलं, ते यानं उचललं. दवाखान्यात फोन करून वार बदलला, दादांना घराबाहेर काढलं आणि स्वतः दादा झाला."

"पण का?" दादांनी विचारलं.

"पेन्शन मंजूर झालं की चौकशी. चौकशीत पहिला प्रश्न, जाळी कुणी काढली?"

धाकट्यानं मान वर केली नाही. "काम तुंबलं होतं, दादा. जाळी असली की वेग मिळत नाही. मला वाटलं, एकाच दिवसाचा प्रश्न आहे."

"वर्षभर रोज संध्याकाळी येतोस. माझ्या खांद्याला तेल लावतोस. डॉक्टर काय म्हणाले, कचेरीतून काय आलं, सगळं विचारतोस. मी म्हणायचो, असा भाऊ मिळायला नशीब लागतं."

"तेल लावायचो ते खोटं नव्हतं रे."

"माहीत आहे. तेच तर जड जातंय." दादांनी डाव्या हातानं कोरा कागद त्याच्यापुढे सरकवला. "सगळं लिहून दे. परवा मी ते मांडणार आहे."

"मला काढून टाकतील, दादा. खटलाही होईल."

"लिही."

त्यानं लिहिलं. कागद घेऊन दादा निघाले, तसा धाकट्यानं खुंटीवरचा कोट उतरवून रोजच्यासारखी उजवी बाही आधी उघडून धरली.

दादा एक पाऊल मागे सरकले.

"भाऊजी," ते म्हणाले, "जरा कोट घालायला मदत करता का?"