मागचा दिसल्याशिवाय

बसा जरा. पाठीवरच्या पिशव्या उद्या सकाळी भरा, डोंगर काही पळून जात नाही. आणि तो दिवा घालवा, किडे येतात. उद्या रात्रीच चढणार म्हणता ना? मग हे ऐकून जा. इकडून तिकडून ऐकलेलं नाही हं. आमच्या हिचा मावसभाऊ, चष्म्याचं दुकान आहे ना त्याचं, त्याच्याच बाबतीत घडलेलं आहे. तुम्ही पाहिलंय त्याला लग्नात. सगळ्यांचे फोटो काढत होता, तो. स्वतः एकाही फोटोत नाही, असा माणूस.

गेल्या वर्षीचा नोव्हेंबर, दुसरा शनिवार. चंद्र नव्हता, थंडी नुकती पडायला लागली होती. चष्मेवाल्यानं दुकान लवकर बंद केलं आणि गॅसची छोटी टाकी आणायला बाजारात गेला. टाकी आणायचं काम त्याच्याकडेच असायचं. मागच्या खेपेला दोर आणायचं होतं, त्याच्या आधी सगळ्यांना स्टँडवरून आणायचं. गटात घेतलं होतं त्याला, पण हमालीपुरतं.

गट म्हणजे डोंगर चढणाऱ्यांचा. त्यांचा म्होरक्या कॅप्टन. सैन्यात वगैरे काही नव्हता हो, विम्याच्या ऑफिसात होता. पण गळ्यात शिट्टी आली की माणसाला हुद्दा चढतो. बाकी सगळे वर्षानुवर्षं एकत्र चढलेले. त्यांचे जुने विनोद, जुनी नावं. कुणी नुसतं "ती काळी घळ!" म्हणालं की सगळे हसून लोळायचे, आणि हा आपला उगाच हसल्यासारखं करायचा. एकदा त्यानं विचारलं, "काय झालं होतं घळीत?" तर दातांची डॉक्टर होती त्यांच्यात, ती म्हणाली, "अरे, ते तिथे असायला हवं होतं." झालं.

चाळिशी उलटल्यावर कसली ही हौस, असं तुम्ही म्हणाल. बायकोही म्हणालीच, "अहो, घरचा जिना चढताना कण्हता तुम्ही!" पण त्याचं दुखणं वेगळं होतं. दिवसभर लोक समोर बसणार, त्यांच्या डोळ्यांत बघायचं, काच बदलायची, "आता दिसतंय?" विचारायचं. लोक "दिसतंय" म्हणून उठून जाणार. त्याला कुठेतरी आपली माणसं हवी होती. एवढंच. ते काही फार मागणं नव्हतं.

आता तुम्हाला एक सांगतो, चढताना लक्षात ठेवा. जो मागे पडतो ना, त्याला विश्रांती कधी मिळतच नाही. पुढचे भराभर जातात, सावलीत बसतात, पाणी पितात, गप्पा हाणतात. हा धापा टाकत पोचतो, आणि पोचला रे पोचला की ते उठतात. "आलास? चला!" म्हणजे ज्याला दम लागलाय त्यानं उभ्या उभ्या निघायचं, आणि ज्यांचा दम केव्हाच खाली बसलाय ते ताजेतवाने. दोन्ही खेपांना हेच. चष्मेवाला आतून नुसता धुमसत होता. पण बोलणार कुणाला? वर कॅप्टननं बजावलं होतं, "हे बघ, आज तुझ्यामुळे सूर्योदय चुकला तर पुढच्या वेळेपासून तू घरूनच शुभेच्छा दे."

त्यामुळे आजची रात्र त्याची परीक्षाच होती.

त्यांचा एक नियम होता, आणि नियम चांगलाच होता. वाटेला फाटा आला की पुढच्यानं थांबायचं. मागच्याची बॅटरी दिसली की मगच वळायचं. मागचा दिसल्याशिवाय फाटा सोडायचा नाही. म्हणजे कुणी चुकत नाही. आता सगळ्यांच्या शेवटी खरं तर जाणता माणूस ठेवतात. पण जाणत्यांना सगळ्यांनाच पुढे जायचं होतं. मग शेवटी कोण? हाच. नवशिक्या. पाठीवर टाकी घेऊन.

गाडीरस्त्यानं निघाले. शेवटचं घर मागे पडलं, शाळेची भिंत गेली, डांबर संपलं. चढ लागला आणि नेहमीप्रमाणे पुढचे दिवे लहान होत गेले. पहिल्या फाट्यावर डॉक्टर उभी होती. याचा दिवा दिसला मात्र, वळली. दुसऱ्या फाट्यावर तर तिची फक्त पाठ दिसली.

तो स्वतःशीच बडबडत चढत होता. "चला म्हणे चला. मी काय मालगाडीचा शेवटचा डबा आहे? टाकी माझ्याकडे म्हणून तरी थांबतील लेकाचे, चहा काय शिट्टीवर उकळणार?" राग आणि रडू एकदमच येत होतं त्याला. पायात गोळे आलेले. चष्म्यावर वाफ.

तिसऱ्या फाट्यावर एक लांबट, सपाट दगड आहे. तिथे पोचला तर पुढे कुणीच नाही. डॉक्टर थांबलीच नव्हती. कोणत्या बाजूला वळायचं ते बघायला त्यानं बॅटरी फिरवली...

आणि मागे, खाली, वाटेवर उजेड दिसला.

मिणमिणता. पिवळा. हळूहळू वर येणारा.

तुम्हाला सांगतो, त्याला भीती नाही वाटली. आनंद झाला! वाटलं, कॅप्टनला अक्कल आली, मागे माणूस ठेवला. आणि काय चाललाय बिचारा, आपल्याहून हळू! आयुष्यात पहिल्यांदा चष्मेवाला कुणाच्या तरी पुढे होता. नियम नियम आहे. मागचा दिसला... पण नुसतं दिसून काय उपयोग? येऊ दे त्याला. तो दगडावर बसला आणि थांबला.

वरून शिट्टी झाली. एकदा. मग लांब, चिडलेली.

आता धावलं तर गाठता येईल. नाही धावलं तर संपलं. उद्यापासून पुन्हा दुकान आणि घर.

उजेड अजून बराच खाली होता.

"आलोच!" तो वर ओरडला. आणि बसून राहिला.

उजेड जवळ आला. थांबला. श्वास ऐकू येत होता... लांब, घरघरता. पावलं मात्र ऐकू आली नव्हती. हे त्याला नंतर आठवलं.

"या," तो म्हणाला. "बसा."

त्यानं सरकून जागा केली.

"बसा हो. घाई नाही."

मग आवाज आला. बारीक. दमलेला.

"मी आलो... की निघाल ना?"

चष्मेवाल्याला गलबलून आलं. हे त्याचंच वाक्य होतं. दोन खेपा पोटात ठेवलेलं. "नाही निघणार," तो म्हणाला. "दम घ्या आधी."

पिवळा उजेड विझला. शेजारी कुणीतरी बसलं. त्या बाजूचा दंड गार पडला, शर्टाच्या आतून.

याला मात्र बोलायला माणूस मिळाला. त्यानं सगळं काढलं. टाकी, दोर, ती काळी घळ, "तिथे असायला हवं होतं", सगळं. पलीकडून फक्त श्वास. मध्येच एखादा "हं".

मग त्यानं सहज विचारलं, "तुम्ही कधीपासून येता यांच्याबरोबर?"

श्वास थांबला.

त्यानं बॅटरीकडे हात नेला.

"नको..."

हात तिथेच राहिला.

पुन्हा शिट्टी. आता जवळ. कुणीतरी दणादणा उतरत होतं.

"निघायचं का हळूहळू?" यानं विचारलं.

"थोडं... अजून..."

पळून जावं असं वाटलं. पाय उचलेनात. पण नुसत्या भीतीनं नाही, हे त्यानं मला स्वतः सांगितलं. शब्द दिला होता म्हणून. त्यानं डोळे मिटले.

"बसा," तो म्हणाला. "मी आहे."

पांढरा झोत त्याच्या तोंडावर आला. कॅप्टन! मागे डॉक्टर.

"अरे झोपलास काय इथे? वर सगळे ताटकळलेत!"

"तूच म्हणालास ना, मागचा येईपर्यंत..."

"कोण मागचा? शेवटचा तू आहेस! तुझ्यामागे कुणी नाही!"

चष्मेवाल्यानं शेजारी पाहिलं. कुणी नव्हतं. खाली वाटेवर अंधार.

"होते," तो म्हणाला. "इथे बसले होते." आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "बसू दिलं मी त्यांना! तुम्ही कधी बसू देता का कुणाला?"

कॅप्टन काहीतरी लागेलसं बोलणार होता. त्याआधी त्याचा झोत दगडावर गेला.

दव पडलं होतं. दगड सगळा ओला, चकचकीत. चष्मेवाला बोलता बोलता उठला होता, तिथे बसण्याएवढी जागा कोरडी. आणि तिच्या शेजारी, तेवढीच आणखी एक.

कॅप्टननं त्या दुसऱ्या जागेवर हात टेकला. लगेच काढून घेतला. डॉक्टर म्हणाली, "काय रे?" कॅप्टननं टाकी स्वतःच्या पाठीवर घेतली. "तू पुढे हो," चष्मेवाल्याला म्हणाला. "मी मागे आहे."

वर पोचेपर्यंत सूर्य चांगला वर आला होता. कुणी कुरकुर केली, पण कॅप्टननं तिकडे लक्ष दिलं नाही.

उतरताना पुन्हा तोच फाटा. डोंगराची ती बाजू उशिरापर्यंत सावलीत असते, दव तसंच होतं. चष्मेवाला पोचला तेव्हा सगळे जमिनीवर बसले होते, तो आला तरी कुणी उठलं नाही. दगडावर मात्र कुणी बसलं नव्हतं.

त्यानं जाऊन पाहिलं. पहाटेपर्यंत दव पडत राहिलं असणार. त्याची स्वतःची जागा पुन्हा भिजून गेली होती, बाकीच्या दगडासारखी.

शेजारची कोरडी होती.