तीस मोजेपर्यंत

शाळेचं तोंड मी कधी पाहिलं नाही, पण आकडे ओळखते. म्हणून नातीनं तिचा जुना कॅमेरा हातात दिला तेव्हा म्हटलं, बघू या जमतंय का. मला एकच फोटो काढायचा होता. ह्यांचा. डोळे, नाक, तोंड जागच्या जागी असलेला. नऊ वर्षं झाली, ह्यांचे हात, मान, हनुवटी थरथरते ती थांबायचं नाव नाही. फोनवर काढलेला प्रत्येक फोटो पाण्यात भिजल्यासारखा यायचा, आणि फ्लॅश मारला की हे दचकून रडवेले व्हायचे. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी मुलीला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. मला कुणी काही बोललं नाही. पण घरी आल्या आल्या मुलगी न सांगता भांडी घासायला बसली, तेव्हाच मी काय ते समजले.

नातीनं शिकवलं ते असं. कॅमेऱ्याला पापणी असते. खटक करून उघडते, खटक करून मिटते. पटकन मिटली तर हलणारं माणूससुद्धा धरलं जातं. उशिरा मिटली तर हलेल त्याचा धूर होतो, न हलेल तेवढंच उमटतं.

"तू तीसवर ठेव, आजी. कॅमेरा तिपाईवर लाव, आणि आजोबांना म्हण, जरा श्वास रोखा."

"त्यांनी रोखला तर तुलाच धावत यावं लागेल," मी म्हटलं. ती हसली आणि कामावर गेली.

दुपार होती. ह्यांना उजेड सोसत नाही, म्हणून पडदे ओढलेले. खोलीत औषधाचा आणि कधी वाळायला न मिळालेल्या गादीचा वास. रात्रभर उठबस झाल्यानं माझे डोळे चुरचुरत होते. चकती फिरवली, तीस आला. आकड्याच्या डोक्याशी दोन बारीक रेघोट्या दिसल्या. वाटलं, काचेवर कचरा आहे. बाहीनं पुसला, जाईना. जाऊ दे म्हटलं आणि बटण दाबलं.

खटक. पण दुसरी खटक येईचना. मी तशीच उभी. चांगल्या अर्ध्या मिनिटानं पापणी मिटली.

फोटोत हे नव्हतेच. खुर्चीत नुसता करडा धूर. पण खुर्चीमागं एक बाई उभी होती. तोंड चौकटीबाहेर राहिलेलं, गळ्यापासून खाली सगळी लख्ख. बाहीची शिवण दिसत होती. एक हात त्या धुरावर ठेवलेला, नखं मोजता यावीत असा.

नातीला फोन लावून त्या रेघोट्यांचं सांगितलं.

"अगं आजी, त्या दोन रेघा असल्या की तीस सेकंद! नसल्या तर सेकंदाचा तिसावा भाग."

"आणि तेवढ्या वेळात एखादं माणूस लख्ख आलं तर?"

"शक्यच नाही. श्वास घेतला तरी माणूस हलतं."

मी फोन ठेवला. ह्यांच्याजवळ गेले.

"अहो... तुमच्या मागं कोण असतं?"

"ती होय..." ह्यांनी मान वळवली नाही. "दुपारची येते. तुझा डोळा लागला की."

"काय करते?"

"हात ठेवते खांद्यावर. मग थरथर जरा थांबते... अगं, काढ ना अजून एक. ती म्हणते, या वेळी हलू देणार नाही."

नऊ वर्षं हे हात मी धरले. घास भरवले, बटणं लावली. माझ्या हातात ते एकदाही थांबले नव्हते. खोटं कशाला सांगू, मनात आलं, दाबावं बटण. ह्यांनाही सुटका, मलाही. बोट बटणापर्यंत गेलंसुद्धा. मग ह्यांच्या हनुवटीकडं पाहिलं. थरथरत होती. म्हणजे अजून होते.

"नको मला फोटो," मी म्हटलं. "हलताय तेच बरे आहात." कॅमेरा तिपाईवर तसाच सोडला आणि पडदा सारायला खिडकीकडं गेले.

पाठीमागं खटक झाली.

वळून पाहते तर ह्यांचे हात मांडीवर गप्प. नऊ वर्षांत पहिल्यांदा गप्प. "अहो... अहो..." मी धावले, खाली बसून गुडघे धरले, हाका मारत राहिले. तीस मोजेपर्यंत वेळ गेला असेल. दुसरी खटक झाली.

तोच फोटो आता हार घालून बाहेरच्या खोलीत लावलाय. येणारे-जाणारे म्हणतात, किती छान शिकलात हो. मी हो म्हणते, समजावत बसायचं त्राण नाही. हे लख्ख आलेत, भुवईचा केस न् केस. गुडघ्यांशी थोडा धूर आहे, ती मी. खुर्चीमागं कुणी नाही. आणि हे हसतायत. कॅमेऱ्याच्या जरासं वर बघून, फोटो काढणाऱ्याच्या तोंडाकडं बघावं तसे.

परवा नात फोटोपुढं उभी राहिली. "आजोबा असे कुणाकडं बघून हसतायत गं?"

"माझ्याकडं," मी म्हटलं.