आधारस्वर

मिरजेच्या कंठविज्ञान प्रयोगशाळेत जनार्दनबुवा कीर्तनकारांनी लांबलचक ‘आ’ लावला आणि ‘कंठवेधी’ यंत्राचा दिवा लाल झाला.

“निद्रारोध! झोपेत गळा मिटतो, श्वास अडतो, मग दिवसा डुलक्या,” आपटेसर जांभई आवरत म्हणाले. “टाळू थोडी कापावी लागेल.”

“अहो, आणि आवाज?”

“बदलेल थोडा.”

“मग देवापुढे उभं राहून मी काय नुसत्या झांजा वाजवू?”

रेवतीला गलबलून आलं. कंठवेधी तिनं सरांबरोबर घडवला होता खरा, पण बुवांच्या कीर्तनातच ती लहानाची मोठी झाली होती. “सर, आधी एक रात्र बुवांना इथे झोपवून श्वास मोजू. पक्कं निदान त्यानंच होतं.”

सकाळी आलेख पाहून ती चक्रावली. बुवांचा श्वास एकदाही अडला नव्हता.

“म्हणजे यंत्र खोटं बोललं?” बुवांनी विचारलं.

“खोटं नाही. तंबोऱ्याचा भोपळा बदलला की नाद बदलतो ना, तसा गळ्याच्या पोकळीप्रमाणे आवाज बदलतो. यंत्रात आम्ही एक निरोगी आवाज भरलाय, आधारस्वर. त्या गळ्याहून तुमचा गळा किती वेगळा, एवढंच ते मोजतं.”

“वेगळा म्हणजे वाईटच, हे कशावरून?”

रेवतीनं आलेख पुन्हा पुढे ओढला. बुवांचा गळा तर मोकळा निघाला. मग अरुंद असेल तो दुसराच! आणि यंत्र तयार झालं त्या दिवशी घाईघाईत सरांनी त्यात स्वतःचाच ‘आ’ भरला होता.

तिनं वळून पाहिलं. सर हनुवटी छातीला टेकवून खुर्चीतच झोपले होते.

“कीर्तनातही अस्सेच डुलतात हो,” बुवा कुजबुजले. “मी आपला समजायचो, केवढी ही तल्लीनता!”

“सर,” रेवतीनं त्यांना हलवलं, “आज रात्री ती खाट तुमची.”

निदान पक्कं झालं. सर रात्री नाकावर हवेचा मुखवटा लावून झोपू लागले. कंठवेधीत आता रात्रभर तपासून घेतलेल्या अनेक गळ्यांचा आधारस्वर भरला गेला. त्यातला पहिला ‘आ’ बुवांचा.

दत्तजयंतीला बुवांनी नेहमीचं हरिश्चंद्राख्यान लावलं. सर आरतीपर्यंत टक्क जागे. डोळे पुसत ते बुवांच्या पाया पडले.

“बुवा, क्षमा करा. इतकी वर्षं मी त्या बिचाऱ्याला स्मशानातच सोडून घरी जात होतो!”