बिनशिंगाचा घोडा

"ह्याची शिंगं कुणी काढली?"

अनुसयानं वर पाहिलं. ओढ्याकाठी ती चिकणमातीचा घोडा करत बसली होती, आणि घोडीला पाणी पाजायला आलेला नामाजी मागे उभा राहून हसत होता.

"घोडा हाय तो," ती फणकारली.

"वशिंड बघ त्याचं... पोळ्याचा बैल हाय बराबर."

खोटं नव्हतं. पोळ्याला बैल करून करून तिच्या बोटांना दुसरं जनावरच ठाऊक नव्हतं. आणि महालक्ष्म्या आठ दिवसांवर आलेल्या. यंदा त्यांच्यापुढे तिला हिंगोलीची फौजी छावणी मांडायची होती, पस्तीस वर्षांमागे उठून गेलेली. सगळ्यांत पुढे घोड्यावर तिचा आजा. तो छावणीत स्वार होता, हे अख्खं आखाडा बाळापूर ऐकून होतं. पण खोगीर कसं, भाला केवढा, सांगणारं घरात कोणी उरलं नव्हतं, आणि अंदाजानं काही करणं तिच्या जिवावर येई.

"माझा आजा व्हता त्याच्यासंगं," नामाजी म्हणाला. "बहिरा झालाय आता, त्याला माझंच बोलणं तेवढं ऐकू येतं. मी इचारून सांगतो."

मग रोज संध्याकाळी ओढा. एक दिवस खोगीर, एक दिवस तंबूंची रांग. एवढंसं सांगायला त्याला एवढा वेळ का लागतो हे तिला कळत होतं, आणि तिलाही घरी जायची घाई नसे. घोड्याची मान दाखवताना त्याचं बोट तिच्या बोटाला लागलं... दोघांनीही लगेच काढलं नाही. फक्त भाल्याचं विचारलं की तो घोडीला पाण्याकडे वळवी.

पाचव्या दिवशी ती हटूनच बसली. "भाला कोणत्या हातात देऊ?"

तो घोडीच्या आयाळीत बोटं फिरवत राहिला. "भाला देऊ नको, अनुसया. तुझा आजा स्वार नव्हता. घोड्यांसाठी गवत कापून आणायचा."

तिचं तोंड उतरलं. "पहिल्याच दिवशी काहून न्हाई सांगितलं तुमी?"

"सांगितलं असतं तर... दुसऱ्या दिवशी आली असतीस?"

ती उठून चालू लागली. दोन दिवस ओढ्यावर गेली नाही. राग आजाचा की नामाजीचा, तिचं तिलाच सांगता येईना. पण खोट्या भाल्याची वाट बघत घोड्यावर बसलेला मातीचा आजा तिला बघवेना. शेवटी तिनं त्याला घोड्यावरून खाली उतरवलं.

महालक्ष्म्यांच्या दर्शनाला नामाजी आला. देखाव्यात सगळ्यांत पुढे डोक्यावर गवताचा भारा घेतलेला माणूस उभा होता, आणि रांगेतले सगळे घोडे माना वळवून त्याच्याचकडे बघत होते. नामाजीही बराच वेळ बघत राहिला.

"घोडे जमले?" तिनं हळूच विचारलं.

"जमले. लोक काय म्हणून राहिले?"

"म्हणू दे. माझा आजा हाय तो." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "तुमच्या घरी बसत्यात का... महालक्ष्म्या?"

प्रश्न उमगायला त्याला जरा वेळ लागला.

"बसत्यात," तो खाली बघत म्हणाला. "पण देखावा करणारं... कुणी न्हाई."

"मी करीन," अनुसया म्हणाली. "पण पहिल्या दिवसापासून खरं सांगायचं."